वृंदगान संस्था, हौशी

पाश्चात्त्य अभिजात संगीतातील वृंदरचना गाण्यासाठी एखाद्या नगरातील नागरिकांनी स्वेच्छेने व विनावेतन चालविलेली संस्था. तिचे सभासद पेशाने शिक्षक, कारकून, डॉक्टर, गिरणीकामगार, गृहिणी असे कोणीही असतात. गाण्याबद्दल मोबदला मिळण्याऐवजी ते बहुधा वर्गणीच भरतात. वृंदसंचालक, सरावाच्या वेळी साथ करणारा पियानोवादक आणि जाहीर प्रयोगातील एकलगायक व वाद्यवृंद यांना मात्र सामान्यतः मानधन दिले जाते. वृंदाचे मुख्य विभाग चार : स्त्रियांच्या उंच आवाजांचा सोप्रानो, खालच्या आवाजांचा आल्तो, पुरुषांच्या उंच आवाजांचा टेनर व खर्जातील आवाजांचा बास. चारही विभाग एकाच वेळी भिन्न स्वरपंक्ती गातात आणि त्यांच्या मेळातून स्वरसंवाद निर्माण होतो. भजनी मंडळातील सामुदायिक गायनापेक्षा हा प्रकार मूलतःच वेगळा आहे. भजनात एखादा आवाज कमीजास्त झाला, तरी तो समूहात विरून जातो. येथे एका बेसूर टेनरमुळे सबंध स्वरमेळ डहुळतो. संस्थेत कोणास घ्यावे व कोणास नाकारावे, हा प्रश्न त्यामुळे या संस्थांच्या इतिहासात पहिल्यापासून उभा आहे. सर्वांसाठी खुले असणे हे त्यांचे नैतिक अधिष्ठान, तर निवड करणे ही त्यांची कलात्मक निकड होय.

अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत यूरोपातील वृंदगान हे चर्च, राजदरबार आणि संगीतिकागृहे यांच्या आश्रयाने चाले. गायक पगारी असत. चर्चमध्ये स्त्रियांना सहसा स्थान नसे. उंच स्वरांसाठी मुलांचे आवाज वापरीत. जॉर्ज फ्रिड्रिख हँडल (१६८५–१७५९) याच्या मसाया या ऑरेटोरिओचा पहिला प्रयोग १३ एप्रिल १७४२ रोजी डब्लिन येथे झाला, तेव्हाही वृंद तेथील दोन कॅथीड्रलांच्या गायकांतूनच उभारला होता. श्रोत्यांची गर्दी मात्र एवढी अपेक्षित होती, की स्त्रियांनी घेरदार झग्यांखालील कडी व पुरुषांनी तलवारी घरी ठेवून याव्यात, अशी विनंती आगाऊ छापण्यात आली होती. हँडलच्या स्मरणार्थ १७८४ साली लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये जो उत्सव झाला, त्यात गायक-वादकांची संख्या पाचशेवर गेली. अशा प्रचंड वृंदास पुरतील इतके पगारी गायक कोठेच नव्हते. हौशी गायकांची गरज तेव्हापासून प्रकर्षाने भासू लागली.

हौशी नागरिकांची पहिली महत्त्वाची आणि दीर्घकाळ टिकलेली संस्था बर्लिन येथे स्थापन झाली. तिचा संस्थापक कार्ल फ्रिड्रिख क्रिस्टिआन फाश (१७३६–१८००) हा प्रशियाच्या बासरीवादक राजाच्या, म्हणजे दुसऱ्या फ्रीड्रिखच्या, दरबारी साथीचा वादक होता. एका इटालियन रचनेच्या धर्तीवर त्याने सोळा स्वरपंक्तींचा मास रचला; पण तो गाण्याची कुवत पगारी गायकांत त्याला आढळेना. तेव्हा आपल्या शिष्या, त्यांचे नातलग व स्नेही यांना एका घरी जमवून त्याने सराव सुरू केला. २४ मे १७९१ हा या मंडळीचा स्थापनादिन मानतात. स्त्रीपुरुषांनी, तेही प्रतिष्ठित मध्यमवर्गीय घरांतील, एकत्र उभे राहून धार्मिक संगीत गावे, ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. १७९३ मध्ये सरावासाठी कला अकादमीतील एक दालन मिळाले आणि त्यावरून संस्थेस ‘झिंगआकाडेमी’ हे नाव पडले. १७९६ च्या बर्लिन भेटीत बेथोव्हनने या मंडळींचे गाणे ऐकले व त्यांच्यापुढे पियानोवर उत्स्फूर्त वादनही केले. फाशनंतर सूत्रे हाती घेणारा कार्ल फ्रिड्रिख त्सेल्टर (१७५८–१८३२) हा मूळचा गवंडीकामाचा उस्ताद. विटा-चुन्याच्या धंद्यातून आलेल्या या माणसाने बत्तीस वर्षे संस्था शिस्तीने चालविली आणि १८२७ मध्ये तिला स्वतःचे सभागृह मिळवून दिले.

या संस्थेतील तरुण सभासदांत फेलिक्स मेंडेल्सझोन (१८०९–४७) व त्याची बहीण फानी ही होती. दोघेही १८२० साली वृंदात दाखल झाली. योहान सेबास्टिआन बाख (१६८५–१७५०) याची सेंट मॅथ्यू पॅशन ही महान रचना तेव्हा जवळजवळ विस्मृतीत गेली होती. ११ मार्च १८२९ रोजी वीस वर्षांच्या मेंडेल्सझोनने ती झिंगआकाडेमीच्या सु. दीडशे गायकांकरवी सादर केली. मूळ रचनेतील कित्येक भाग त्याने गाळले होते. तरीही परिणाम असा झाला, की बाखच्या जन्मदिनी, म्हणजे दहाच दिवसांनी, प्रयोग पुन्हा करावा लागला. एकोणिसाव्या शतकातील बाखच्या पुनरुज्जीवनाचा आरंभ या प्रयोगापासून धरला जातो. ज्या संगीताचे जतन दरबार व चर्च यांना करता आले नाही, ते फावल्या वेळात गाणाऱ्या नागरिकांनी पुन्हा उजेडात आणले, ही बाब संगीतेतिहासात पुरेशी ठसविली जात नाही. हौशी संस्थांत लोकशाही असते व तिचे परिणाम नेहमीच गुणग्राहक असतात असे नाही, हेही येथेच दिसून आले. त्सेल्टरच्या मृत्यूनंतर १८३३ मध्ये नव्या संचालकासाठी मतदान झाले, त्यात मेंडेल्सझोनला ८८ व त्याचा ज्येष्ठ प्रतिस्पर्धी रुंगनहागेन याला १४८ मते पडली. संस्थेचा हस्तलिखितांचा अमोल संग्रह दुसऱ्या महायुद्धात नाहीसा झाला होता. तो १९९९ मध्ये कीव्ह येथे सापडला आणि २००१ मध्ये बर्लिनला परत आला.

अमेरिकेत बॉस्टन येथे १८१५ साली हँडल अँड हायडन सोसायटी स्थापन झाली. तिच्या पहिल्या कार्यक्रमातील सु. शंभर गायकांत स्त्रिया केवळ दहा होत्या. इंग्लंडमध्ये ही चळवळ फोफावली ती राजधानीत नव्हे, तर यॉर्कशरच्या लोकरगिरण्यांच्या प्रदेशात. हॅलिफॅक्सची संस्था १८१७ मधली. हडर्सफील्ड कोरल सोसायटी जून १८३६ मध्ये एका खाणावळवजा मद्यगृहात सोळा जणांनी स्थापन केली. तिचे आरंभीचे नियम त्या समाजाचे चित्रच उभे करतात. सभा पौर्णिमेच्या सुमारास भरत, कारण डोंगराळ वाटांनी घरी परतणाऱ्यांना चांदण्याखेरीज दुसरा दिवा नव्हता. सभासदांना बिअर, पाव व चीज यांचा ठरावीक वाटा मिळे. समाजवादी सभांना जाणाऱ्यास सभासद होता येणार नाही, असाही एक नियम १८४२ मध्ये होता. म्हणजे प्रवेशाची पहिली कसोटी गळ्याची नसून विचारांची होती. पुढे याच संस्थेने इंग्लंडमधील सर्वांत नामांकित वृंद म्हणून कीर्ती मिळविली. १९३२ ते १९६७ या काळात माल्कम सार्जंट (१८९५–१९६७) हा तिचा संचालक होता.

गिरणीकामगाराने हँडल गावा, हे शक्य झाले ते दोन गोष्टींमुळे. पहिली म्हणजे स्वस्त छपाई. लंडनच्या नोव्हेलो या प्रकाशनसंस्थेने १८४६ पासून मसाया व इतर ऑरेटोरिओ लहान आकारात, दरमहा सहा पेन्स किंमतीच्या भागांत छापण्यास प्रारंभ केला. त्यापूर्वी अशा रचनेची प्रत विकत घेणे हे श्रीमंतांचेच काम होते. दुसरी गोष्ट टॉनिक सोल-फा ही स्वरलेखनपद्धती. नॉरिच येथील शिक्षिका सारा ग्लोव्हर हिने ती मुलांना गाणे शिकविण्यासाठी तयार केली आणि जॉन कर्वेन (१८१६–८०) या धर्मोपदेशकाने तिचा प्रसार केला. पाच रेषांच्या स्वरलिपीऐवजी डो, रे, मी इ. स्वरनामांची आद्याक्षरे साध्या खिळ्यांनी छापीत. डो हा कोणत्याही पट्टीत आधारस्वर धरता येई. भारतीय वाचकास ही कल्पना समजावून देण्याची गरज नाही, कारण आपला षड्ज नेमका असाच चल आहे. यॉर्कशर व वेल्समधील हजारो कामगार पाच रेषा न शिकताच बाख-हँडल गाऊ लागले. मिशनऱ्यांनी ही पद्धती दक्षिण आफ्रिका, पॅसिफिक बेटे व मिझोरामचा डोंगराळ प्रदेश येथे नेली आणि तेथे ती आजही जिवंत आहे.

लोकप्रियतेबरोबर संख्येचा हव्यासही आला. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८५७ पासून हँडल महोत्सव भरू लागले. त्यांत वृंदच दोन हजारांवर असे. एवढ्या समूहात वैयक्तिक चुका बुडून जात. पण त्याबरोबर हँडलच्या रचनेतील चपळ, नाजूक नक्षीही बुडे. जॉर्ज बर्नार्ड शॉ (१८५६–१९५०) हा त्या काळी संगीतसमीक्षा लिहीत असे. वीसच, पण जाणत्या गायकांकडून मसाया एकदा ऐकावयास मिळावा, अशी इच्छा त्याने १८९१ मध्ये प्रकट केली होती. त्याचा आक्षेप हौशीपणाला नव्हता, ढिसाळपणाला होता.

अपुऱ्या तयारीचा फटका एका श्रेष्ठ कृतीस कसा बसतो, याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे एडवर्ड एल्गार (१८५७–१९३४) याची द ड्रीम ऑफ जेराँशिअस. बर्मिंगहॅम महोत्सवासाठी ही रचना १९०० साली सिद्ध झाली. परंतु वृंदाच्या छापील प्रती गायकांच्या हाती उशिरा पडल्या. वृंदशिक्षक स्विनर्टन हीप हा जूनमध्ये निवर्तला व सत्तरीतील विल्यम स्टॉक्ली यास निवृत्तीतून परत बोलवावे लागले. संचालक हान्स रिख्टर याच्याही हाती संपूर्ण स्वरलेखन अखेरच्या दिवसांतच आले. रचनेची भाषा वाग्नरच्या वळणाची, तर गायकांच्या कानांवर मेंडेल्सझोनचे संस्कार. ३ ऑक्टोबर १९०० रोजी झालेल्या पहिल्या प्रयोगात वृंद वारंवार स्वरातून उतरला. एल्गारने या अपयशाने आपली श्रद्धाच डळमळल्याचे मित्रास कळविले. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९०१ मध्ये, यूलिउस बुट्स याने ड्यूसेलडॉर्फ येथे पुरेशा सरावानंतर तीच रचना सादर केली आणि तिचे थोरपण सिद्ध झाले. कृती तीच होती. फरक होता तो तयारीचा.

प्रवेशचाचणी : विसाव्या शतकात ध्वनिमुद्रण व आकाशवाणी यांमुळे श्रोत्यांचा कान तिखट झाला आणि व्यावसायिक वाद्यवृंदांबरोबर गाणाऱ्या हौशी वृंदांत चाचणीची प्रथा दृढ झाली. चाचणी साधारणतः दहा-पंधरा मिनिटांची असते. प्रथम पियानोच्या साथीने स्वरमालिका गाववून आवाजाची पोच व त्याचा विभाग ठरवितात. त्यानंतर एकदाच वाजविलेली स्वरपंक्ती जशीच्या तशी गाऊन दाखविणे, तीन स्वरांच्या संघातातील मधला स्वर ओळखून गाणे, यांसारख्या कसोट्यांनी कान व स्वरस्मृती पारखली जाते. न पाहिलेली स्वरलिपी प्रथमदर्शनी गाण्याची परीक्षा बहुतेकांना सर्वांत कठीण वाटते. अखेरीस उमेदवार स्वतःच्या पसंतीची एखादी रचना गातो. येथे आवाजाच्या सौंदर्यापेक्षा त्याच्या मिसळण्याला महत्त्व असते. मोठ्या कंपनाचा, ठसकेबाज एकलगायक नाकारला जाऊन साध्या, स्वच्छ आवाजाची व्यक्ती निवडली जाणे नेहमीचेच आहे. टेनर आवाजांचा दुष्काळ मात्र सार्वत्रिक असल्याने त्या विभागाची कसोटी काहीशी सौम्य असते, असे गंमतीने म्हटले जाते. त्यात तथ्यही आहे. अनेक संस्था दर दोन-तीन वर्षांनी जुन्या सभासदांचीही फेरचाचणी घेतात. वयोमानाने आवाज थकतो. पण पंचवीस-तीस वर्षे दर आठवड्यास नेमाने येणाऱ्या सभासदास निरोप देणे संचालकास जड जाते आणि त्या सभासदास तर ते कुटुंबातून वगळल्यासारखे वाटते. काही संस्थांनी अशा ज्येष्ठांसाठी वेगळे वृंद काढले, तर काहींनी चाचणी मुळीच न घेण्याचे धोरण ठेवले आहे. दोन्ही पक्षांत बळ आहे. चाचणी नसलेला वृंद ब्राम्झचा रेक्विएम गाऊ शकतो, पण त्यासाठी त्याला अधिक महिने लागतात.

सराव आठवड्यातून एकदा, बहुधा संध्याकाळी, दोन ते अडीच तास चालतो. प्रथम प्रत्येक विभागास त्याची स्वरपंक्ती वेगळी शिकवितात, मग सर्व विभाग एकत्र आणतात. श्वासाच्या जागा, उच्चार व जोर यांच्या खुणा प्रत्येकाने आपल्या प्रतीवर शिसपेन्सिलीने करावयाच्या असतात. दीर्घ स्वर अखंड ऐकू यावा म्हणून शेजारच्या दोघांनी एकाच वेळी श्वास न घेण्याचा संकेत आहे. लॅटिन व जर्मन ही बहुसंख्य सभासदांना अपरिचित असतात, म्हणून शब्दार्थ व उच्चार यांवरही वेळ खर्ची पडतो. वाद्यवृंदाबरोबरचा सराव खर्चामुळे एक-दोनदाच होतो. वर्षभरातील असे तीन-चार प्रयोग म्हणजेच संस्थेचे जाहीर आयुष्य. उरलेले सारे सरावाच्या खोलीत घडते.

या सरावाला शास्त्रशुद्ध रूप देणाऱ्यांत अमेरिकन संचालक रॉबर्ट शॉ (१९१६–९९) याचे नाव अग्रगण्य आहे. त्याने १९४१ मध्ये न्यूयॉर्क येथे कॉलीजिएट कोराल हा हौशी वृंद वंश व धर्म यांचा भेद न मानता उभारला. पुढे अटलांटा सिंफनीसाठी त्याने १९७० मध्ये घडविलेला वृंदही विनावेतन गायकांचाच होता. शब्दांऐवजी मात्रांचे आकडे उच्चारून संपूर्ण रचना गाववून घेण्याची त्याची पद्धत सर्वत्र रूढ झाली. तिच्यामुळे दीडशे-दोनशे गायकांची लय एकजीव होते. ठेका हाताने धरून बोल म्हणण्याच्या आपल्याकडील तालीमपद्धतीशी तिचे नाते सहज जाणवते. शिकागो सिंफनीचा वृंद मार्गारेट हिलिस (१९२१–९८) हिने, तर लंडनचा फिलहार्मोनिया कोरस व्हिल्हेल्म पिट्स याने घडविला. दोन्ही वृंद १९५७ मधील. हिलिसने हौशी गायकांच्या जोडीस काही पगारी गायक घेतले. ही तडजोड पुढे इतरत्रही स्वीकारली गेली.

वृंदगानाच्या इतिहासातील सर्वांत हृदयद्रावक प्रकरण नाझींच्या तेरेझीन येथील बंदिस्त वस्तीत घडले. राफाएल शेख्टर (१९०५–४५) या ज्यू संचालकाने तेथील सु. दीडशे बंद्यांचा वृंद जमवून व्हेर्दीचा रेक्विएम बसविला. स्वरलेखनाची प्रत एकच होती. दिवसभराच्या सक्तमजुरीनंतर तळघरात, मोडक्या पियानोच्या साथीने, गायकांनी सबंध रचना ऐकून मुखोद्गत केली. ज्यूंनी कॅथलिक मृतप्रार्थना गावी काय, असा आक्षेप वस्तीतील वडीलधाऱ्यांनी घेतला. शेख्टर मात्र ठाम राहिला. सप्टेंबर १९४३ मधील पहिल्या प्रयोगानंतर लवकरच वृंदातील बहुतेकांची आउशविट्सला रवानगी झाली. त्याने दुसरा वृंद शिकविला, तोही गेला, मग तिसरा उभा केला. असे एकूण सोळा प्रयोग झाले. अखेरचा प्रयोग २३ जून १९४४ रोजी, रेड क्रॉसच्या पाहणी पथकासमोर व नाझी अधिकाऱ्यांच्या उपस्थितीत, सु. साठ गायकांनी केला. अंतिम न्यायाच्या दिवसाचे ते लॅटिन शब्द कोणाला उद्देशून गाइले जात होते, हे श्रोत्यांना उमगले की नाही कोणास ठाऊक. ऑक्टोबरमध्ये शेख्टरलाही आउशविट्सला पाठविण्यात आले आणि युद्ध संपण्यापूर्वीच त्याचा अंत झाला.

आशियात बेथोव्हनच्या नवव्या सिंफनीचा पहिला संपूर्ण प्रयोग जपानमधील बांदो येथील छावणीत जर्मन युद्धबंद्यांनी १ जून १९१८ रोजी केला. स्त्रिया नसल्याने त्यांच्या स्वरपंक्ती पुरुषांसाठी बदलून घेतल्या होत्या. पुढे वर्षअखेरीस ही सिंफनी गाणे हा जपानी नागरिकांचा जणू कुळाचारच बनला. ओसाका येथे १९८३ पासून दहा हजार नागरिकांचा वृंद ती गाऊ लागला. तेथे निवड होते ती आवाजाच्या चाचणीने नव्हे, तर सोडतीने.

एकत्र श्वास घेऊन गाणे हेच वृंदगानाचे मर्म. २०२० च्या करोना साथीत तेच घातक ठरले. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील एका हौशी वृंदाच्या १० मार्च २०२० च्या अडीच तासांच्या सरावास ६१ जण हजर होते. त्यांपैकी ५३ जणांना लागण झाली वा झाल्याचे मानले गेले आणि दोघे दगावले. हवेतून होणाऱ्या संसर्गाच्या अभ्यासात या घटनेस महत्त्वाचे स्थान मिळाले. त्यानंतर जगभरचे सराव कित्येक महिने थांबले.

भारतात रागसंगीत प्रधानतः एकलगायनाचे असल्याने या प्रकारास स्वाभाविक भूमी अशी गोव्यात व ख्रिस्ती समाजांतच लाभली. गोव्यातील चर्चसंलग्न शाळांत मेस्त्र हा संगीतशिक्षक मुलांना स्वरवाचन व व्हायोलिन शिकवी. अनेकस्वरी गायनाची जाण त्यामुळे खेड्यापाड्यांपर्यंत पोहोचली आणि तेथून मुंबईस गेलेल्या वादकांनी हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद समृद्ध केले. मुंबईत व्हिक्टर परंज्योती यांनी १९५६ मध्ये परंज्योती अकादमी कोरस स्थापन केला. वाद्यांच्या साथीविना गाइल्या जाणाऱ्या प्रबोधनकालीन रचनांपासून निरनिराळ्या देशांच्या लोकगीतांपर्यंत त्याचा आवाका होता. १९६७ मध्ये परंज्योती निवर्तल्यावर कूमी वाडिया यांनी संचालन हाती घेतले. त्यांच्या नेतृत्वाखाली या वृंदाने यूरोपचे दौरे केले व भारतीय गीतांच्या वृंदरचनाही तेथे ऐकविल्या. भारतीय भाषांत अनेकस्वरी वृंदगान रुजविण्याचा वेगळा प्रयत्न सलील चौधरी यांनी १९५० नंतरच्या दशकात बाँबे यूथ कॉयरद्वारे केला. त्याच प्रेरणेतून १९५८ मध्ये कलकत्ता यूथ कॉयर, तर १९७१ मध्ये एम. बी. श्रीनिवासन यांचा मद्रास यूथ कॉयर हे वृंद निघाले. मराठीत मात्र समूहगीते मुख्यतः एकस्वरीच राहिली.